बेतणे आणि नेसणे : वस्त्ररचनेच्या दोन पद्धतींचा विचार

१

अंगावर वस्त्र धारण करण्याच्या क्रियेस मराठीत एकच क्रियापद नाही. लुगडे व धोतर नेसावयाचे, चोळी व अंगरखा घालावयाचा, शाल पांघरावयाची, पागोटे बांधावयाचे. हा भेद केवळ भाषिक संकेताचा नाही. वस्त्राला आकार कोणत्या क्षणी प्राप्त होतो, याचे नेमके वर्गीकरण त्यात आहे. नेसावयाच्या वस्त्राला आकार अंगावर येतो आणि सोडताक्षणी तो नाहीसा होतो. घालावयाच्या वस्त्राला आकार आधीच दिलेला असतो, आणि अंगाला त्यात प्रवेश करावयाचा असतो. हा आधी दिलेला आकार ज्या क्रियेने निर्माण होतो तिला आपण 'बेतणे' म्हणतो. योजना करणे आणि कापड कापणे हे दोन्ही अर्थ या एका धातूत नांदतात, ही गोष्टही अर्थपूर्णच म्हटली पाहिजे.

आधुनिक वस्त्ररचनाशास्त्रात दोन मुख्य पद्धती मानल्या जातात. कागदावर मापांच्या आधारे रेषा आखून वस्त्राच्या भागांचे आराखडे सिद्ध करावयाचे, ती आरेखनपद्धती. धंद्यात हिला ड्राफ्टिंग म्हणतात. कापड प्रत्यक्ष अंगावर किंवा मापाच्या पुतळ्यावर लावून, टाचून, छाटून आकार शोधावयाचा, ती आच्छादनपद्धती. हीच ड्रेपिंग होय. पाठ्यपुस्तकांत ही दोन स्वतंत्र प्रकरणे असतात, आणि पहिली पद्धत शास्त्र व दुसरी कला अशी समजूत विद्यार्थ्यांच्या मनात सहज रुजते. ही समजूत बरोबर नाही, आणि तिचा भुर्दंड शेवटी वस्त्र घालणाऱ्या व्यक्तीस सोसावा लागतो, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२

आरेखनपद्धतीचा इतिहास पाहता तिचा जन्म अंगाला नीट बसणारे वस्त्र मिळावे या हेतूने झाला असे दिसत नाही. स्पेनमधील ह्वान दे आल्सेगा याने १५८० साली माद्रिद येथे शिंपीकामावर जो भूमितीचा ग्रंथ छापला, त्याचा मुख्य प्रश्न अमुक पन्ह्याच्या कापडात अमुक वस्त्राचे भाग कमीत कमी नासाडी होऊन कसे बसवावे, हा होता. कापड महाग आणि मजुरी स्वस्त अशा काळात हा प्रश्न अग्रक्रमाचा असणे स्वाभाविकच होते. शरीराच्या मापांवरून आकार काढण्याचा उद्योग पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, इंचांच्या खुणा असलेली मापपट्टी शिंप्यांच्या हाती आल्यावर वाढीस लागला. लंडन येथे हेन्री वाम्पेन याने १८३४ साली वस्त्र बेतण्याच्या गणिती कलेवर ग्रंथ लिहिला, आणि १८६३ साली अमेरिकेत एबेनेझर बटरिक याने निरनिराळ्या आकारमानांचे कागदी नमुने विक्रीस काढले. तेव्हापासून आरेखन हे कारागिराच्या हातातून सुटून छापील, विकाऊ आणि शिकवता येण्याजोगे ज्ञान बनले.

या पद्धतीचे सामर्थ्य तिच्या सारांशात आहे. छाती, कंबर, नितंब, पाठीची लांबी अशी मोजकी मापे घ्यावयाची आणि उरलेली सर्व त्यांवरून सूत्राने काढावयाची. पाठीची अर्धी रुंदी म्हणजे छातीचा १/६ अधिक अमुक इंच, मुंढ्याची खोली म्हणजे छातीचा अमुक भाग, गळ्याची रुंदी म्हणजे छातीचा आणखी लहान भाग, अशी ही सूत्रे असतात. ती पाठ करून विद्यार्थी थोड्या वेळात एक मूळ आराखडा तयार करू शकतो.

या सूत्रांचे तार्किक स्वरूप मात्र क्वचितच स्पष्ट केले जाते. प्रत्येक सूत्र हे एका मापावरून दुसऱ्या मापाविषयी केलेले अनुमान आहे. संख्याशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ते एकाच स्वतंत्र चलावर उभे असलेले समाश्रयण-समीकरण होय. अशा समीकरणाबरोबर त्रुटीचे पद अपरिहार्यपणे येते. शिंपीकामाच्या सूत्रात ते पद लिहिलेले नसते, एवढ्याने ते नाहीसे होत नाही. ते वस्त्रात उतरते.

एक उदाहरण घेऊ. एका स्त्रीच्या छातीचे माप ३४ इंच आहे. बाळंतपणानंतर, अंगावर पाजण्याच्या काळात, तेच माप ३७ इंच झाले. वाढ झाली ती पुढील बाजूस. खांद्याची हाडे व पाठ होती तेवढीच राहिली. छातीच्या १/६ भागाचे सूत्र मात्र पाठीची अर्धी रुंदी अर्ध्या इंचाने, म्हणजे संपूर्ण पाठ एका इंचाने वाढवते. परिणामी खांद्याची शिवण दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच दंडावर उतरते, पाठीत चोळामोळा होतो, आणि जेथे खरोखर जागा हवी होती त्या पुढील भागात ताण कायमच राहतो. सूत्राने वाढ ओळखली. ती कोठे झाली हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

मापांमधील परस्परसंबंध प्रत्यक्ष तपासण्याचा पहिला फार मोठा प्रयत्न अमेरिकेच्या कृषिखात्याने केला. रूथ ओब्रायन व विल्यम शेल्टन यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी १४,६९८ स्त्रियांची मापे घेण्यात आली. वजन धरून प्रत्येकीची ५९ मापे घेतलेली होती. एकाच घेरावरून संपूर्ण शरीराचे अनुमान करणे किती असमाधानकारक आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. उंची व वजन ही जोडी त्याहून अधिक विश्वसनीय ठरली. परंतु या अहवालाचीही मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे: त्यातील गणित केवळ गौरवर्णीय स्त्रियांच्या मापांवर केलेले होते. या मापांच्या पायावर १९५८ साली तेथे स्त्रियांच्या तयार कपड्यांसाठी एक व्यापारी मानक प्रसिद्ध झाले, आणि १९८३ साली ते मागे घेण्यात आले. दुसऱ्या देशातील, तेही निवडक, शरीरांवरून निघालेली प्रमाणे आपल्या वर्गात निरपवाद नियम म्हणून शिकवताना ही हकीगत विसरता येत नाही.

३

आता आच्छादनपद्धतीकडे वळू. तिची कृती वरवर साधी दिसते. मांजरपाटाचा तुकडा घेऊन त्यावर उभ्या व आडव्या धाग्याच्या रेषा पेन्सिलीने आखतात. पुतळ्याच्या पुढील मध्यरेषेवर उभी रेषा आणि छातीच्या पातळीवर आडवी रेषा जुळवून कापड टाचतात. मग गळा, खांदा, मुंढा आणि बाजू या क्रमाने कापड हाताने सारत नेतात. जादा झालेले कापड जेथे गोळा होईल तेथे ते चिमटीत धरून टाचतात, शिवणीच्या कडांना कात्रीने छेद देतात, खुणा करतात. शेवटी कापड पुतळ्यावरून उतरवून सपाट करतात, खुणा पट्टीने व वक्रपट्टीने सरळ करून घेतात, आणि तो आकार कागदावर उतरवून घेतात.

यातील शेवटची पायरी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आच्छादनाची परिणती आरेखनातच होते. अंगावर मिळालेला आकार कागदावर आला नाही तर तो दुसऱ्यांदा करता येत नाही, मोठा-लहान करता येत नाही, दुसऱ्या शिंप्यास समजावून सांगता येत नाही.

या पद्धतीचा सर्वांत अभ्यासनीय प्रयोग पॅरिस येथील मादलेन व्हियोने (१८७६–१९७५) हिने केला. तिने १९१२ साली स्वतःचे वस्त्रगृह काढले. पहिल्या महायुद्धात ते बंद पडले, युद्धानंतर पुन्हा सुरू झाले आणि १९३९ साली कायमचे बंद झाले. ती सुमारे ८० सेंटिमीटर उंचीच्या लाकडी पुतळीवर कापड लावून रचना सिद्ध करी आणि नंतर ती मोठी करून घेई. त्या कापडाचा मुख्य गुण असा की ते उरेब, म्हणजे धाग्यांना ४५ अंशांच्या तिरक्या दिशेने, धरलेले असे. त्यासाठी नेहमीपेक्षा बऱ्याच अधिक पन्ह्याचे रेशमी क्रेप ती विणवून घेई. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तिने रचलेला एक पोशाख तर केवळ चार चौरसांचा आहे: दोन पुढे, दोन मागे, प्रत्येक चौरस एका कोपऱ्याने टांगलेला. कागदावर पाहिल्यास यात 'बेत' म्हणण्यासारखे काहीच दिसत नाही. अंगावर मात्र कापड शरीराला धरून उतरते. बेट्टी कर्क या अभ्यासिकेने व्हियोनेच्या उपलब्ध पोशाखांवरून त्यांचे आराखडे पुन्हा काढून दाखवले. १९९८ साली इंग्रजीत आलेला तिचा ग्रंथ या दृष्टीने मोलाचा आहे. त्या आराखड्यांकडे पाहिल्यावर कळते की, ज्या कामास आपण हाताची जादू समजत होतो त्याच्या मुळाशी चौरस, त्रिकोण व वर्तुळाचे खंड यांची कडक भूमिती होती.

४

मग कागदावर जे सापडत नाही ते कापडात कोठून येते? या प्रश्नाचे उत्तर कागद व कापड यांच्या स्वभावभेदात आहे.

गाउसने १८२७ साली सिद्ध केले की, पृष्ठाला न ताणता व न फाडता केवळ वाकवले तर त्याची आंतरिक वक्रता बदलत नाही. कागदाची वक्रता शून्य आहे. म्हणून तो नळीवर किंवा शंकूवर चपखल बसतो, चेंडूवर बसत नाही. मानवी धड हे नळी नव्हे. छाती, नितंब व खांद्याचा गोलवा येथे वक्रता धन असते. कमरेच्या खोलगट भागात ती ऋण असते. सपाट वस्तूने हे पृष्ठ आच्छादावयाचे तर दोनच उपाय संभवतात: कापून काही काढावे अथवा घालावे, किंवा द्रव्यालाच आपला आकार बदलू द्यावा.

पहिला उपाय म्हणजे डार्ट. सपाट तुकड्यातून पाचरीच्या आकाराचा एक कोन काढून कडा जोडल्या की शंकू बनतो, आणि काढलेल्या कोनाइतकी वक्रता शंकूच्या टोकाशी एकवटते. म्हणून डार्टचे खरे माप त्याचा कोन होय, त्याची रुंदी नव्हे. समजा, छातीच्या बिंदूपासून कमरेपर्यंत १० इंच लांब व कडेला ३ इंच रुंद असा डार्ट आहे. त्याचा कोन सुमारे १७ अंश भरतो. हाच डार्ट मुंढ्याकडे वळवला आणि तेथे कडेचे अंतर ६ इंच असले, तर रुंदी १.८ इंच होईल. कोन तोच राहील. विद्यार्थी येथे ३ इंच हा आकडा जसाच्या तसा मुंढ्यावर नेतो, आणि छातीपाशी नको तेवढा टोकदार फुगवटा का आला याचे त्याला कोडे पडते. एका डार्टचे दोन केले, तो शिवणीत लपवला, अथवा त्याच्या चुण्या केल्या, तरी कोनांची बेरीज कायम राहिली पाहिजे. हे तत्त्व एकदा समजले म्हणजे डार्ट हलवण्याच्या असंख्य कृती स्वतंत्रपणे पाठ करण्याचे कारण उरत नाही.

दुसरा उपाय कापडाच्या अंगभूत धर्मात आहे. विणलेल्या कापडातील उभे व आडवे धागे स्वतः फारसे ताणले जात नाहीत, परंतु त्यांच्यामधील कोन बदलू शकतो. चौकटीच्या खिडकीची जाळी तिरकी दाबावी तसा प्रत्येक घर चौरसाचा समभुज चौकोन बनतो. या धर्माचे गणित रशियन गणिती चेबिशेव याने २८ ऑगस्ट १८७८ रोजी पॅरिस येथील एका शास्त्रीय परिषदेत वस्त्रांच्या बेतणीवर दिलेल्या व्याख्यानात मांडले. आख्यायिका अशी की, वक्त्याने आरंभीच 'सोयीसाठी मानवी शरीर गोल आहे असे मानू' असे म्हणताच श्रोत्यांतील शिंपी उठून गेले. कथा खरी असो वा नसो, त्या शिंप्यांवर हसण्यापूर्वी छातीच्या १/६ भागाचे आपले सूत्र आठवावे; त्यातील गृहीतकही त्याच जातीचे आहे.

चेबिशेवच्या समीकरणाचा आशय शब्दांत असा: कापडावर पुढे पुढे जाताना धाग्यांमधील कोन किती झपाट्याने बदलावा लागेल, हे त्या ठिकाणच्या पृष्ठाच्या वक्रतेवर ठरते. वक्रता जितकी अधिक, तितके कापडास अधिक तिरके व्हावे लागते. धाग्यांनी मर्यादित अशा कोणत्याही चौकोनी तुकड्याखालील एकूण वक्रता ही ३६० अंशांतून त्याच्या चार कोनांची बेरीज वजा केल्यास मिळते, हा याचाच निष्कर्ष होय. कोन शून्याहून लहान होऊ शकत नाहीत. अर्थात असा तुकडा ३६० अंशांहून अधिक, म्हणजे अर्धगोलाहून अधिक, वक्रता कापल्यावाचून झाकू शकत नाही. प्रत्यक्षात कापड त्याच्या किती तरी आधी चुण्या पाडून नकार देते. ही सीमा कोठे आहे हे सांगण्याचे काम प्रत्येक कापड आपापल्या परीने करते, आणि आच्छादन करणाऱ्याचे बोट तेच ऐकत असते.

उरेब कापडाचा गुण याच हिशेबाने उलगडतो. धाग्यांमधील कोन ९० अंशांवरून ८० अंशांवर आला तर कर्णाच्या दिशेने लांबी सुमारे ८ टक्के वाढते आणि रुंदी सुमारे ९ टक्के घटते. म्हणजे २८ इंच घेर ठेवून उरेब कापलेला झगा स्वतःच्या भाराने एवढा लोंबला तर त्याचा घेर साडेपंचवीस इंचांच्या आसपास येईल. कागदी आराखड्यात हा बदल दिसणे शक्यच नाही. कारण कागदाला भार नाही आणि तिरके होण्याचा गुणही नाही.

पूर्ण घेराच्या वर्तुळाकार घागऱ्यात याचा पडताळा कोणालाही घेता येईल. कमर २८ इंच असेल तर आतील वर्तुळाची त्रिज्या सुमारे साडेचार इंच; तेथून ठरलेल्या उंचीवर बाहेरचे वर्तुळ काढले की आरेखन निर्दोष पुरे झाले. तरीही शिवलेला घागरा रात्रभर टांगून ठेवल्यावर त्याची कड चार ठिकाणी खाली उतरते. ही चार ठिकाणे म्हणजे जेथे कापड उरेब लोंबते ती होत. म्हणून जाणता कारागीर घागरा आधी टांगतो, मग अंगावर घालून जमिनीपासून उंची मोजतो, आणि त्यानंतरच कड दुमडतो.

कापडाच्या या स्वभावाचे मापनही करता येते. क्यूसिक याने १९६५ साली दाखवले की, कापडाची पडण मुख्यत्वे त्याच्या वाकण्यास व तिरके होण्यास असलेल्या विरोधावर अवलंबून असते. त्याच्या उपकरणात १८ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल तुकडा ठेवून त्याची छाया मोजतात. तबकडीबाहेर लोंबणाऱ्या वलयाच्या क्षेत्रफळाचा किती टक्के भाग छायेत उरला, तो पडणीचा गुणांक होय. ताठ कापडाचा गुणांक शंभराजवळ जातो, मऊ कापडाचा बराच खाली येतो. मांजरपाटावर सिद्ध केलेला आकार रेशमी क्रेपवर जसाच्या तसा का उतरत नाही, याचे उत्तर या एका आकड्यात बरेचसे मिळते.

५

आपल्याकडील परंपरेत या दोन्ही तत्त्वांचा उपयोग फार पूर्वीपासून झालेला आहे. नऊवारी लुगडे हे सुमारे सव्वाआठ मीटरांचे आयताकृती कापड. त्याला ना डार्ट, ना शिवण. निऱ्या, ओचा, कासोटा आणि पदर यांनी तेच कापड कृश वा स्थूल, उंच वा ठेंगणी, कुमारी वा गरोदर अशा कोणत्याही स्त्रीच्या अंगावर बसते. येथे शरीर स्वतःच पुतळा असते आणि नेसणारी स्वतःच रचनाकार असते. रोज नव्याने आच्छादन होत असल्यामुळे मापाचा प्रश्नच उद्भवत नाही. घुर्ये यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय वेशभूषेवरील ग्रंथात नेसण्याच्या व शिवण्याच्या परंपरांचा इतिहास एकत्र मांडला आहे. रचनाशास्त्राच्या दृष्टीने त्याचे पुनर्वाचन होणे अगत्याचे आहे.

शिवलेल्या वस्त्रांतही हेच शहाणपण दिसते. सदऱ्याचे अंग सरळ आयताचे, घेर वाढवण्यास कळ्या, आणि त्या कळ्या आयत तिरका कापून दोन अर्ध उलटसुलट जोडून मिळवलेल्या. कापड वाया जात नाही. काखेत घातलेला लहान चौकोनी तुकडा तर विशेष विचार करण्याजोगा आहे. त्याच्या कडा धाग्याबरोबर असतात, परंतु हात वर केला की ओढ त्याच्या कर्णावर, म्हणजे उरेब दिशेने, येते, आणि तो तिरका होऊन हाताला वाट देतो. समोर गाठ मारावयाची खणाची चोळी घेतली तर घट्ट व सैल करण्याची मुभा त्या गाठीतच असते. छातीच्या मापात दिवसांनी वा महिन्यांनी पडणारा फरक तीत सामावतो. बटणे व हुक लावलेल्या पोलक्याने ही मुभा काढून घेतली आणि तिची जागा इंचांच्या सूत्राने घेतली. दुसऱ्या प्रकरणातील बाळंतिणीची अडचण जुन्या चोळीत इतक्या तीव्रतेने उद्भवली नसती.

६

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा की, आरेखन व आच्छादन या प्रतिस्पर्धी पद्धती नव्हेत. आरेखन हे अनुमान आहे. आच्छादन ही त्या अनुमानाची परीक्षा आहे. आणि परीक्षेचे फलित पुन्हा आरेखनातच नोंदवावे लागते. संगणकावर शिवण जोडून आभासी शरीरावर वस्त्र लावून पाहण्याची जी साधने आता उपलब्ध आहेत, तीही याच चक्राची गती वाढवतात. कापडाच्या वाकण्या-तिरकेपणाची खरी मापे त्यांना पुरवली नाहीत, तर पडद्यावरील वस्त्र कागदाइतकेच अज्ञानी राहते.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. सूत्राने काढलेला आराखडा आणि अंगावर दुरुस्त झालेला आराखडा यांतील फरक आज बहुधा कात्रीखाली नाहीसा होतो. तो प्रत्येक विद्यार्थ्याने इंचांत व अंशांत नोंदवून ठेवावा: खांदा किती हलला, डार्टचा कोन किती वाढला, कापड कोणते होते. काही वर्षांत अशा नोंदींचा संग्रह झाला तर आपल्या सूत्रांतील लुप्त त्रुटी-पद आपणास प्रथमच डोळ्यांनी दिसेल, आणि त्यावरून सूत्रे सुधारताही येतील.

शिवणकामाच्या पुस्तकांत 'शरीरातील दोष' या मथळ्याखाली वाकलेली पाठ, उतरता खांदा, मोठे पोट इत्यादींची यादी देण्याची प्रथा आहे. प्रमाणबद्ध शरीर हा नियम आणि बाकीचे अपवाद, असा तिचा भावार्थ. वस्त्र बसले नाही म्हणजे घालणारी व्यक्ती आरशासमोर स्वतःलाच दोष देते, त्याचे बीज या मथळ्यात आहे. समीकरण व निरीक्षण यांत अंतर पडले असता निरीक्षणास दोषी ठरवणारे शास्त्र अन्यत्र कोठेही मान्यता पावणार नाही. तेव्हा तो मथळा बदलून त्या ठिकाणी 'सूत्रातील त्रुटी' असे लिहिण्यापासून आपण आरंभ करावा.